शस्त्र परवाना आणि नागरिकाची जबाबदारी: पुणे शहर व जिल्ह्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुणे शहर, पिंपरी-चिंचवड आणि जिल्ह्यातील तालुक्यांतून शस्त्र परवान्याच्या कामासाठी जे लोक माझ्याकडे येतात, त्यांचे प्रश्न बहुधा ठरलेले असतात. त्यांतील निवडक प्रश्न येथे उत्तरांसह दिले आहेत. मी वकिली करतो आणि माझ्या घरातही एके काळी परवान्याची बंदूक होती, त्यामुळे काही उत्तरांत कायद्याबरोबर माझे मतही आले आहे. ते मत आहे हे वाचकाला ओळखू यावे, एवढी काळजी घेतली आहे.

स्वसंरक्षणासाठी बंदूक बाळगणे हा माझा हक्क नाही का?

नाही, आणि या उत्तरामागे बराच इतिहास आहे. व्हाइसरॉय लिटनच्या कारकिर्दीत १८७८ साली झालेल्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्याशिवाय शस्त्र बाळगण्याची बंदी केली आणि युरोपियनांना मात्र त्यातून सूट दिली. हा भेद त्या पिढीला फार झोंबला. म्हणूनच १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांचा जो ठराव केला, त्यात नियम व निर्बंधांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही घातलेला होता. पुढे संविधान सभेत १९४८ च्या डिसेंबरात हरि विष्णू कामत यांनी हा हक्क संविधानात यावा म्हणून दुरुस्ती मांडली, परंतु डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही आणि सभेनेही ती फेटाळली. आज संविधानातील स्वातंत्र्यांच्या यादीत शस्त्राचा उल्लेख येतो तो अनुच्छेद १९ मध्ये, आणि तोही उलट बाजूने: नागरिकांना शांततेने व विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क आहे.

स्वतंत्र भारताचा शस्त्र अधिनियम १९५९ साली झाला. चांगल्या वर्तणुकीच्या नागरिकाला गरजेपुरते शस्त्र परवान्यावर मिळावे आणि समाजकंटकाला मिळू नये, हा त्यामागचा हेतू होता. म्हणजे परवाना मागण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे आणि तो देण्या-न देण्याचा निर्णय कारणांसह व्हावा हाही अधिकार आहे. मात्र तो मिळालाच पाहिजे असा दावा कोणालाही करता येत नाही. ‘अमेरिकेत मिळते, मग येथे का नाही’ असे विचारणाऱ्यांना मी एवढेच सांगतो, की तेथील संविधानाने जे कबूल केले, ते आपल्या संविधानकारांनी विचार करून नाकारले आहे.

अर्ज कोठे करायचा?

राहण्याचा पत्ता पुणे शहर पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत असेल तर पोलीस आयुक्तांकडे, पिंपरी-चिंचवडच्या हद्दीत असेल तर तेथील स्वतंत्र आयुक्तालयाकडे (हे आयुक्तालय १५ ऑगस्ट २०१८ पासून सुरू झाले) आणि ग्रामीण भागात असेल तर जिल्हाधिकाऱ्यांकडे. अर्जदाराचे वय किमान २१ वर्षे असावे लागते. प्रत्येक परवानाधारकाची नोंद राष्ट्रीय माहितीसाठ्यात होते आणि त्याला एक विशिष्ट ओळख क्रमांक मिळतो. हा क्रमांक नसलेला जुना परवाना आज वैध धरला जात नाही. जुन्या वाड्यातील ट्रंकेत सापडलेली लाल पुस्तिका दाखवून ‘हा बघा परवाना’ म्हणणाऱ्यांना हे समजावून सांगणे सर्वांत अवघड जाते.

परवाना कोणाला मिळतो? उत्पन्नाचा किंवा जमिनीचा दाखला जोडला तर फायदा होतो का?

लोक सातबारा आणतात, आयकराची विवरणपत्रे आणतात, आणि काही जण पुढाऱ्यांबरोबरचे फोटोसुद्धा आणतात. पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणाने परवाना नाकारता येणार नाही असे शस्त्र अधिनियमाच्या कलम १४ मध्ये स्पष्ट म्हटले आहे. माझ्या समजुतीने त्याची दुसरी बाजूही तितकीच खरी मानली पाहिजे, की मालमत्ता आहे एवढ्याने गरज सिद्ध होत नाही.

प्राधिकारी पाहतात ते जिवाला असलेल्या धोक्याचे स्वरूप. खंडणीचे फोन आले असतील तर तेव्हाच्या तेव्हा तक्रार केली होती का, व्यवसायामुळे मोठी रोकड किंवा दागिने घेऊन नियमित जावे लागते का, वस्ती किती एकाकी आहे, अशा गोष्टी स्थानिक पोलीस ठाण्याच्या अहवालात येतात. ज्या माणसाने तीन वर्षे धमक्या सोसल्या आणि एकदाही पोलीस ठाण्याची पायरी चढली नाही, त्याच्या अर्जातील धोका कागदावर उभा राहत नाही. हिंसा किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात कारावास झालेल्या व्यक्तीवर सुटकेनंतर पाच वर्षे बंदी असते, आणि शांतता राखण्याचा बाँड लिहून दिलेल्यांनाही त्या मुदतीत परवाना मिळत नाही.

नकार मिळाल्यास त्याची लेखी कारणे मागता येतात, आणि सार्वजनिक हिताला बाध येत नसेल तर ती द्यावीच लागतात. त्याविरुद्ध कलम १८ खाली अपील आहे. माझ्या अनुभवात अपिलाची मुदत हुकते ती बहुधा ‘ओळखीतून होईल’ या भरवशावर.

वैद्यकीय प्रमाणपत्र ही निव्वळ औपचारिकता आहे का?

ती औपचारिकता ठरू द्यायची की नाही, हे बऱ्याच अंशी अर्जदाराच्या हातात आहे. शस्त्र नियम, २०१६ नुसार शारीरिक आणि मानसिक तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र लागते, शिवाय शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचे प्रशिक्षणही घ्यावे लागते. डॉक्टर अर्जदाराला तपासतात, त्याच्या घराला तपासत नाहीत. घरातील मुलगा नैराश्यावर औषधे घेत असेल, भाऊ रात्री दारू पिऊन भांडत असेल किंवा नवरा-बायकोचे वाद हातघाईवर येत असतील, तर हे त्या प्रमाणपत्रात कोठेही दिसणार नाही, पण अर्जदाराला ते पक्के ठाऊक असते. जो क्षण पंधरा मिनिटांत ओसरला असता, त्या क्षणी हाताशी भरलेले पिस्तूल असणे आणि नसणे यात एका माणसाच्या जिवाचे अंतर पडते. अशा घरातून अर्ज न करणे किंवा असलेले शस्त्र काही काळ जमा करून ठेवणे, ही जबाबदारी कोणत्याही नमुन्यात लिहिलेली नाही, तरीही मी अर्ज भरून देण्यापूर्वी हा प्रश्न विचारतो. दोन-तीन पक्षकार त्यामुळे रागावून निघून गेले आहेत.

किती आणि कोणती शस्त्रे ठेवता येतात?

२०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोन बंदुका ठेवता येतात. पूर्वी ही संख्या तीन होती. परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे झाली. सामान्य परवान्यावर मिळते ते बत्तीस बोअरचे (बोअर म्हणजे नळीच्या आतील रुंदीचे माप) पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर, बारा बोअरची बंदूक, बावीसची रायफल. नऊ मिलिमीटरचे पिस्तूल किंवा थ्री-नॉट-थ्री रायफल ही निषिद्ध बोअरची हत्यारे आहेत आणि त्यांचा निर्णय दिल्लीत होतो. काडतुसे एका वेळी किती आणि वर्षाला किती, हे परवान्यावरच लिहिलेले असते. खडकीत १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे, म्हणून पुण्यात काडतुसे सहज मिळत असावीत, असा एक भाबडा समज अजूनही भेटतो. परवान्यावर नोंद करून, परवानाधारक विक्रेत्याकडूनच ती घ्यावी लागतात.

घरी शस्त्र कसे ठेवावे?

शस्त्र रिकामे करून, कुलूपबंद लोखंडी कपाटात किंवा तिजोरीत. काडतुसे वेगळ्या कुलपात. आणि दोन्ही किल्ल्या परवानाधारकाकडे. नियमाचा गाभा एवढाच आहे, पण तो मोडतो कसा हे मी बऱ्याच घरांत पाहिले आहे.

पहिली चूक म्हणजे उशाशी ठेवणे. चोर आला तर कपाट उघडायला वेळ कोठून आणायचा, असा युक्तिवाद असतो. ज्या शस्त्रापर्यंत झोपेतला मालक हात पोहोचवू शकतो, त्यापर्यंत सकाळी अंथरूण आवरणारी बाई, शाळेला सुट्टी असलेला नातू आणि पाहुणा म्हणून आलेला भाचाही पोहोचतो. दुसरी चूक म्हणजे जागा गुप्त आहे असे मानणे. गादीखाली, साड्यांच्या कपाटात, देवघराच्या खालच्या कप्प्यात किंवा माळ्यावरच्या पिंपात काय आहे, हे घरातील मुलांना मोठ्यांच्या आधी कळते, कारण त्यांना शोधायला वेळ असतो. तिसरी चूक सर्वांत घातक आहे: मॅगझिन (गोळ्यांची सुटी पेटी) काढले म्हणजे पिस्तूल रिकामे झाले, अशी समजूत. नळीच्या मागच्या कोठीत एक गोळी राहू शकते, आणि साफ करताना चाप ओढला जाऊन जे अपघात होतात, त्यांत पुष्कळदा हीच राहिलेली गोळी असते. शस्त्र हातात घेताना ते भरलेले आहे असेच धरायचे, नळी कोणाकडेही वळवायची नाही आणि कोठी डोळ्यांनी पाहून, बोटाने चाचपून खात्री करायची, हे नेमबाजीच्या प्रत्येक मैदानावर पहिल्या दिवशी शिकवतात.

गावाला किंवा परदेशी मुलांकडे जाताना शस्त्र बंद घरात ठेवू नये. पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे पावती घेऊन जमा करता येते. विक्रेता शुल्क घेतो, आणि ते द्यायला लोक कुरकुर करतात. चोरीला गेलेले पिस्तूल पुढे कोणत्या गुन्ह्यात वापरले जाईल हे मालकाच्या हाती राहत नाही. चोरी लक्षात येताच पोलिसांना कळवणे मात्र त्याच्यावर बंधनकारक असते.

परवाना आहे, मग बाहेर नेताना अडचण काय?

परवान्यावर क्षेत्र लिहिलेले असते: जिल्हा, राज्य किंवा संपूर्ण भारत. त्या क्षेत्राबाहेर शस्त्र नेणे हा शर्तभंग आहे. सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल होल्स्टरमध्ये, पूर्ण झाकलेले आणि स्वतःच्या ताब्यात असले पाहिजे. हॉटेलात टेबलावर काढून ठेवणे, मूठ दिसेल अशा बेताने शर्ट खोचणे, जमिनीच्या बैठकीला जाताना मुद्दाम बरोबर नेणे, हे प्रकार परवाना रद्द होण्यास पुरेसे आहेत. ज्याला पिस्तूल दाखवण्याची हौस आहे त्याला त्याची गरज नाही, असे माझे मत आहे.

लोहगाव विमानतळावर एक वेगळाच घोळ होतो. पिस्तूल घरी सुरक्षित असते, पण बॅगेच्या एखाद्या कप्प्यात विसरलेले जिवंत काडतूस क्ष-किरण यंत्रात दिसते आणि प्रवास तेथेच थांबतो. अशा खटल्यांत ताबा जाणीवपूर्वक होता का, हे न्यायालये तपासतात, परंतु त्या टप्प्यापर्यंत पोहोचायला लागणारा काळ आणि खर्च कोणी परत देत नाही. बॅग एकदा रिकामी करून झटकणे स्वस्त पडते.

लग्नात किंवा वाढदिवसाला हवेत बार काढला तर कोणाचे काय बिघडते?

वर गेलेली गोळी खाली येते, आणि ती कोठे येईल हे चाप ओढणाऱ्याला ठाऊक नसते. मंगल कार्यालयाभोवती चार-चार, दहा-दहा मजली इमारती असलेल्या शहरात तर ‘हवेत’ या शब्दाला अर्थच उरत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने यासाठी कलम २५ मध्ये स्वतंत्र तरतूद केली. आनंदोत्सवात किंवा निष्काळजीपणे गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घातला, तर दोन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कोणी जखमी झाला नसला तरी हा गुन्हा होतो.

खंडेनवमीला पूजतो ती घराण्याची तलवार कायद्यात बसते का? आणि कोयता?

शस्त्रांच्या यादीत तलवार, गुप्ती, खंजीर, भाला यांचा समावेश आहे, तसेच नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या हत्यारांचाही. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामाची अवजारे त्यातून वगळली आहेत. म्हणजे ऊसतोडीचा कोयता फडात अवजार असतो, आणि तोच रात्री अकरा वाजता दुचाकीवर मिरवला की पोलीस त्याला अवजार मानत नाहीत. शहरात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली शस्त्रबंदीचे आदेश वेळोवेळी निघतात आणि त्यांचा भंग केल्यास कलम १३५ लागते. वर्तमानपत्रात ‘हत्यार कायदा कलम ४(२५)’ (म्हणजे शस्त्र अधिनियमाची कलमे ४ आणि २५) असे जे छापून येते, ते तलवारीने केक कापणाऱ्या बहुतेक तरुणांच्या नशिबी येते.

घरातील वारशाची तलवार देव्हाऱ्यापुढे पुजणे आणि तिची मिरवणूक काढणे, यात फरक केला पाहिजे. पूजेची तलवार असेल तर तिची माहिती पोलीस ठाण्यात लेखी देऊन परवान्याबाबत विचारणा करावी. जुन्या ठासणीच्या बंदुकीबाबत नियम असा, की ती कालबाह्य किंवा मोडकी असून दुरुस्ती करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नसेल तरच ती अधिनियमातून सुटते. ‘चालत नाही’ हे मालकाचे म्हणणे पुरत नाही; जाणकाराची तपासणी करून घ्यावी.

वडील वारले आणि त्यांची बंदूक कपाटातच आहे. आता काय?

हा प्रश्न मला स्वतःला एकदा पडला होता, आणि मी तो उशिरा सोडवला. वडिलांची बारा बोअरची दुनळी ते गेल्यावर चार महिने आईच्या खोलीतील कपाटात होती. दिवसपाणी, वारसनोंद, बँक या सगळ्यांत बंदुकीचा विचारच कोणाला सुचला नाही, आणि मी वकील असूनही मला तो सुचला नाही. परवाना व्यक्तीचा असतो, घराचा नसतो. परवानाधारक गेला की घरातील कोणाचाही ताबा कायदेशीर राहत नाही, मग ती पत्नी असली तरी. कलम २१ नुसार वारसांनी विनाविलंब ते शस्त्र जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचे असते. मी गेलो तेव्हा ठाण्यातील अंमलदाराने मृत्यूचा दाखला पाहिला, तारीख वाचली आणि काही न बोलता माझ्याकडे पाहिले. ते पाहणे पुरेसे होते.

जमा केल्यावर वारसाला तीन मार्ग असतात. स्वतःच्या नावाने परवान्याचा अर्ज करता येतो, त्यासाठी इतर वारसांची ना हरकत लागते. परवाना असलेल्या दुसऱ्या व्यक्तीला किंवा विक्रेत्याला विकता येते. किंवा सोडून देता येते. ठरलेल्या मुदतीत काहीच केले नाही तर शस्त्र सरकारजमा होऊ शकते. परवानाधारकाचे वय सत्तर झाले असेल किंवा त्याने पंचवीस वर्षे शस्त्र बाळगले असेल, तर हयातीतच वारसाच्या नावे परवाना करण्याची सोय नियमांत आहे. थरथरत्या हातांनी बंदूक पुसणाऱ्या आजोबांपुढे हा विषय काढणे जड जाते, तरी काढावा.

जुन्नर, आंबेगाव, शिरूर भागात बिबट्याचा त्रास आहे. त्यासाठी परवाना मिळेल का?

ऊस बिबट्याला लपण्याची जागा झाला आहे आणि पहाटे पाणी धरायला जाणाऱ्याची भीती खरी आहे; शहरात बसून तिला हसू नये. परंतु वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार बिबट्याची शिकार हा गंभीर गुन्हा आहे. माणसाच्या जिवाला धोकादायक ठरलेल्या प्राण्याबाबतचा आदेश मुख्य वन्यजीव रक्षकच देऊ शकतात. प्रत्यक्ष हल्ल्यात स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना सद्भावनेने प्राणी मारला गेला तर कायदा संरक्षण देतो, मात्र ते नंतर सिद्ध करावे लागते. अंधारात उसाच्या दिशेने झाडलेली गोळी शेजारच्या शेतातील माणसाला लागण्याचाच संभव अधिक. वन विभागाला कळवून पिंजरा लावून घेणे, रात्री एकट्याने न जाणे, गोठा बंदिस्त करणे, हे उपाय आधी करावेत. भीमाशंकर किंवा मयूरेश्वर अभयारण्याच्या दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकांनी वन्यजीव रक्षकांकडे वेगळी नोंदणी करायची असते, हे फारच थोड्यांना ठाऊक आहे.

घरात शिरलेल्या चोरावर गोळी झाडता येते का?

भारतीय न्याय संहितेची कलमे ३४ ते ४४ खासगी बचावाच्या हक्काची आहेत. मृत्यूचे किंवा जबर दुखापतीचे वाजवी भय असेल तेव्हा हा हक्क हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंत जाऊ शकतो, पण बचावासाठी लागेल त्याहून अधिक इजा करता येत नाही आणि पोलिसांची मदत घेण्याइतका वेळ असेल तर हा हक्कच उरत नाही. मिक्सर उचलून कुंपणावरून पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घातली, तर आरोपीच्या पिंजऱ्यात परवानाधारक उभा राहतो.

निवडणुकीत शस्त्र जमा करण्याची नोटीस आली आहे. मी गुन्हेगार आहे का?

नाही. आचारसंहितेच्या काळात छाननी समिती परवान्यांचा आढावा घेते आणि जामिनावर असलेले, गुन्ह्यांची किंवा दंगलीची पार्श्वभूमी असलेले परवानाधारक यांना प्राधान्याने शस्त्र जमा करण्यास सांगते. आपण त्यांत नाही असे वाटत असेल तर समितीकडे लेखी म्हणणे मांडावे, आणि निर्णय होईपर्यंत नोटीस पाळावी.

मुलीला नेमबाजी शिकायची आहे. तिच्यासाठी परवाना लागेल का?

दहा मीटरच्या स्पर्धेतील पॉइंट वन सेव्हन सेव्हनची एअर रायफल वीस ज्यूलच्या मर्यादेत असेल तर परवान्याची गरज नाही. बालेवाडीच्या संकुलात मुले याच रायफलीने सुरुवात करतात. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणारे स्वप्नील कुसाळे यांनीही बालेवाडीत सराव केला आहे. बावीसच्या रायफलीपर्यंत पोहोचल्यावर क्लबचे सदस्यत्व आणि परवान्याचे नियम लागू होतात. शस्त्राची शिस्त कोठे शिकावी असे कोणी विचारले तर मी या मैदानाचेच नाव सांगतो. तेथे हत्यार खाली ठेवण्याचा हुकूम झाल्यावर राष्ट्रीय विजेताही ते खाली ठेवतो.

सोसायटीत एकाकडे पिस्तूल आहे. समितीला काही विचारता येते का?

परवान्याची प्रत मागण्याचा अधिकार समितीला नाही, आणि सूचनाफलकावर त्याचे नाव लावणे तर धोक्याचे आहे, कारण चोराला तीच माहिती हवी असते. मात्र पार्किंगच्या भांडणात पिस्तुलाचा नुसता उल्लेख झाला, तरी तो पोलीस ठाण्यात लेखी कळवावा. सार्वजनिक सुरक्षिततेसाठी परवाना निलंबित किंवा रद्द करण्याचा अधिकार कलम १७ ने दिला आहे, आणि प्राधिकाऱ्यापर्यंत ही माहिती शेजाऱ्यांशिवाय पोहोचत नाही.

नदीपात्रात किंवा जुन्या घरात बेवारस पिस्तूल सापडले तर?

हात लावू नका, ११२ ला फोन करा, पोलीस येईपर्यंत तेथे मुलांना जाऊ देऊ नका. विनापरवाना बंदूक बाळगण्यास किमान दोन आणि कमाल पाच वर्षांची शिक्षा आहे. ‘द्यायला निघालोच होतो’ हे वाक्य प्रत्येक आरोपी म्हणतो.

मला आता परवाना नको आहे. परत करता येतो का?

येतो. आधी शस्त्राची विल्हेवाट लावावी लागते, म्हणजे परवानाधारकाला विक्री किंवा जमा, आणि त्याची नोंद परवान्यावर करून घ्यावी लागते. उरलेली काडतुसे मोजून त्यांचीही पावती घ्यावी. त्यानंतर परवाना रद्द करण्याचा अर्ज परवाना शाखेत द्यावा आणि रद्द झाल्याचे पत्र हातात येईपर्यंत पाठपुरावा करावा, कारण नोंद चालू राहिली तर पुढच्या निवडणुकीत न उरलेले शस्त्र जमा करण्याची नोटीस दारात येते.